लातुरात बसून यूकॅटची तयारी: मोफत अधिकृत साहित्य आणि पेड क्वेश्चन बँक, काही महिन्यांच्या वापरानंतर

नीट झाल्यावर मी यूकॅटच्या मागे लागले. ब्रिटनमधल्या बहुतेक मेडिकल स्कूलना ही परीक्षा लागते. २०२३ नंतर बीमॅट ही तिथली दुसरी मेडिकल प्रवेश परीक्षा बंद झाल्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजलाही आता हीच. लातुरात नीटचे क्लासेस गल्लोगल्ली, पण यूकॅट शिकवणारं कुणी मला सापडलं नाही. म्हणून यूकॅटच्या अधिकृत संकेतस्थळावरचं मोफत साहित्य आणि एका खासगी कंपनीची पेड क्वेश्चन बँक, एवढ्यावरच तयारी केली.

जुने संच कुणी पाठवले तर आधी एक बघा: २०२५ पासून आकृत्यांचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग भाग काढून टाकलाय. आता चार भाग आहेत. व्हर्बलमध्ये २२ मिनिटांत ४४ प्रश्न, डिसिजन मेकिंगमध्ये ३७ मिनिटांत ३५, क्वांटिटेटिव्हमध्ये २६ मिनिटांत ३६ आणि सिच्युएशनल जजमेंटमध्ये २६ मिनिटांत ६९. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आपल्या मुलांची खरी परीक्षा व्हर्बलमध्ये होते. आपण एनसीईआरटी ओळ न् ओळ पाठ केलेली असते आणि इथे नेमकं तेच आडवं येतं. समजा उतारा हिवतापाच्या औषधांवर आहे आणि खाली विधान आहे की हिवताप मादी अ‍ॅनाफिलीस डासामुळे पसरतो. नीटला हे डोळे झाकून बरोबर. पण उताऱ्यात डासाचा उल्लेखच नसेल तर उत्तर ‘कान्ट टेल’, म्हणजे उताऱ्यावरून सांगता येत नाही. स्वतःला माहीत असलेलं बाजूला ठेवून फक्त समोरचं वाचायचं, तेही एका उताऱ्याला चार प्रश्नांसकट दोन मिनिटांत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. रोज इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचल्याचा मला कुठल्याही ट्रिकपेक्षा जास्त फायदा झाला.

अधिकृत साहित्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. स्क्रीन खऱ्या परीक्षेसारखीच दिसते, कॅल्क्युलेटरही तोच. स्पष्टीकरणं छोटी असतात, पण उत्तर उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावर फिरलं ते नेमकं कळतं. ऑल्ट-एन दाबलं की पुढचा प्रश्न, ऑल्ट-सी दाबलं की कॅल्क्युलेटर. ही सवय हाताला आधीच लागू द्या. सराव मोबाईलवर करू नका. लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर यूएसबीचा स्वस्तातला जोडून घ्या. आपल्याकडे लाईट गेली की राउटर गेला, म्हणून हॉटस्पॉट तयार ठेवूनच मॉक लावा.

पेड बँकेबद्दल माझं मत मिश्र आहे. प्रश्न भरपूर आणि कुठल्या प्रकारात वेळ जातो ते छान दिसतं. पण क्वांटिटेटिव्हमधली आकडेमोड खऱ्या पेपरपेक्षा विनाकारण किचकट होती आणि काही व्हर्बल उत्तरं तर उताऱ्याबाहेरच्या माहितीवर दिलेली. मी कळवलं, त्यावर छापील उत्तर आलं. मूळ कौशल्यालाच धक्का लावणारी ही चूक आहे, म्हणून पैसे मोजताना विचार करा. घ्यायचीच तर शेवटच्या महिन्यापुरती, वेगासाठी घ्या. अधिकृत मॉक मात्र सुरुवातीलाच संपवू नका.

सिच्युएशनल जजमेंट मला सगळ्यात जास्त आवडलं. सीनियर डॉक्टर हात न धुता पेशंटकडे निघालेत आणि तुम्ही विद्यार्थी आहात, तर काय योग्य? आपल्याकडे सरांच्या पुढे बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं. इथे पेशंटला हात लागायच्या आत नम्रपणे लक्षात आणून देणं योग्य ठरतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल काउन्सिलचं ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ मोफत मिळतं, ते वाचाच. माझी मावशी सिस्टर आहे. रात्री जेवताना मी तिला असे प्रश्न विचारायचे आणि ती वॉर्डातला अनुभव सांगायची. नुसत्या उत्तरसूचीतून हे समजलं नसतं. जवळपासच्या उत्तरालाही या भागात थोडे गुण मिळतात.

२०२५ मध्ये फी ब्रिटनमध्ये ७० पौंड आणि आपल्यासारख्यांना ११५ पौंड होती. परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये, वर्षातून एकदाच देता येते. मी मुंबईचं केंद्र घेतलं होतं. लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळचाच स्लॉट घेऊ नका. दुपारचा घ्या किंवा आदल्या दिवशी पोहोचा. पासपोर्ट वेळेत काढून ठेवा.

घरच्यांनाही दोन गोष्टी आधीच सांगा. परदेशातून एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची तर नीट पात्र असावंच लागतं, त्यामुळे यूकॅटसाठी नीट सोडू नका. आणि तिथली परदेशी विद्यार्थ्यांची फी अनेक ठिकाणी वर्षाला ४० हजार पौंडांच्या वर जाते.

यूकॅटचे गुण साधारण २४ तासांत मिळतात आणि यूकासचा (ब्रिटनमधल्या विद्यापीठांची एकत्रित प्रवेश-अर्ज व्यवस्था) मेडिसिनचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जातो. मेडिसिनसाठी चारच पर्याय भरता येतात. ते भरण्याआधी प्रत्येक विद्यापीठ यूकॅट कसं मोजतं ते बघा. सिच्युएशनलला बँड चार, म्हणजे सगळ्यात खालचा, आला तर काही ठिकाणी अर्ज तिथेच थांबतो.