विंडोज ११ की लिनक्स मिंट: जुन्या फायली सांभाळून कोणती निवडावी?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून इथे इंदूरला, रामबागेतल्या नातेवाइकांकडे गेलं की चहाआधी हाच विषय निघतो. माझ्या मावशीकडे मंडळाच्या गणेशोत्सवाचे जुने अहवाल आहेत, वर्गणीच्या याद्या आहेत, काकांचे लेख आहेत. त्यातलं एक पानही जायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) आणि ४ जीबी रॅम लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. चालेल की नाही, ते मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' सांगतं. चालत असेल तर हाच सोपा रस्ता. अपग्रेड करताना 'वैयक्तिक फायली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडला की सगळं जागच्या जागी राहतं. नाही आवडलं तर १० दिवसांत मागे फिरता येतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे, त्यावर धंदा चालत असेल तर दुसरा विचारच करू नका.

लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मिंटला २ जीबी रॅमही पुरते, आणि २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून चालू करून आधी वापरून बघता येतं. तोवर हार्डडिस्कला हात लागत नाही. वायफाय, प्रिंटर तेव्हाच तपासा. पण इन्स्टॉल करताना सावध राहा. 'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे' असं म्हणून आपण निर्धास्त असतो, कारण विंडोज फॉरमॅट मारताना फक्त सी पुसला जायचा. मिंटमधला 'डिस्क पुसा' हा पर्याय मात्र त्या हार्डडिस्कवरचे सी आणि डी दोन्ही साफ करतो. विंडोजच्या शेजारी मिंट ठेवायचा पर्यायही असतो, पण त्यासाठी डिस्कवर मोकळी जागा हवी.

कुठलाही मार्ग घ्या, बॅकअप आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. त्यातल्या चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी ती डिस्क काढून ठेवा. डेस्कटॉपवरचे फोल्डर विसरू नका. तेही सी मध्येच असतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

आणि फाँट! आपल्याकडे कित्येकांचं जुनं मराठी टायपिंग कृतिदेवमधलं आहे. फाइल सुखरूप पोचते, पण नव्या सिस्टिमवर तो फाँट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँटही कॉपी करून घ्या, आणि मोलाच्या मजकुराची जुन्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ करून ठेवा.

मावशीचा कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटीत बसत नव्हता, म्हणून मिंट टाकलं. काकांचा पहिला लेख उघडला तर सगळी चिन्हंच. तिचा चेहरा उतरला. बॅकअपमधला फाँट टाकून लिब्रे ऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं ॲप) पुन्हा उघडलं आणि तिने तो लेख उभ्या उभ्याच मोठ्याने वाचायला घेतला.