फायबर बॉडीवर टू-पॅक इपॉक्सी प्रायमर: ११ महिन्यांनंतर

गाडी सिपानी डॉल्फिन, ही जुनी भारतीय मोटार, म्हणजे बॉडी पूर्ण फायबरची (काचेचे तंतू आणि त्यांना घट्ट धरणारं रेझिन). टू-पॅक म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा प्रायमर, रंगाखालचा थर. त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. बॉनेट आणि दोन्ही दारं ठणठणीत आहेत. छतावर मात्र टाचणीच्या डोक्याएवढे सात-आठ फोड पुन्हा वर आलेत. त्याचा दोष प्रायमरला देता येणार नाही.

जेलकोटमध्ये (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) आणि लांबीत (खड्डे भरायचा लगदा) हवेची बारीक छिद्रं असतात. प्रायमर ती भरत नाही, वरून नुसता झाकतो. ऊन तापलं की कोंडलेली हवा फुगते आणि रंग उचलते. जाड हात मारला तर आणखी वाईट, कारण थिनरही आत अडकतो. पहिला हात पातळच मारावा, म्हणजे छिद्रं उघडी दिसतात. प्रत्येक छिद्राचं तोंड कटरच्या टोकाने मोठं करून बारीक पुट्टी रबरी पट्टीने दोन दिशांनी दाबून भरायची. छतावर पुट्टी एकाच दिशेने फिरवली होती, फोड तिथेच आले. छिद्रं उघडी असताना पाणी लावून घासू नये. पाणी आत मुरतं आणि नंतर फोड बनून बाहेर येतं.

जुना रंग पेंट रिमूव्हरने काढण्याच्या भानगडीत पडू नका. पत्र्याला चालतं, इथे खालचं रेझिनही मऊ होतं. आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून मगच घासायचं, नाहीतर पॉलिशमधलं मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगाला खड्डे पडतात. कोरडा १८० चा पेपर, शेवट ३२० ने. तोंडाला मास्क हवाच. काचेची धूळ असते ती.

बॉनेटच्या बिजागरीजवळच्या जाळीदार चिरांवर नुसती लांबी टिकत नाही. चीर संपेपर्यंत उथळ उतार घासून ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) काचतंतूंच्या मॅटचे दोन थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवले, आतूनही एक थर दिला. हार्डनर १ ते २ टक्के. दुकानात कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो) वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. ११ महिन्यांत तिथे चीर दिसलेली नाही.

या प्रायमरचं प्रमाण ४:१. मिसळल्यावर अर्धा तास ठेवून दोन हात, मध्ये २० मिनिटं. पकड उत्तम, पण घासायला चिवट आहे. २४ तासांच्या आत हात लावला तर पेपर लगेच भरतो, पावसाळी हवेत दोन दिवस थांबावं. मिसळलेला उरला तर फेकावाच लागतो, म्हणून एका वेळी एकाच भागापुरता कालवावा.

चुंबकी थर-मापक फायबरवर चालत नाही, जाडीचा अंदाज हातांच्या संख्येवरूनच. छताला पुन्हा काळा रंग देणार नाही. तापतंही जास्त आणि खालच्या मॅटचे तंतूही त्यात उठून दिसतात.