मिरीचा हार्नेस: गावठी कुत्र्याला घेऊन गड चढणाऱ्यांसाठी

रफवेअर कंपनीचा वेबमास्टर हा हार्नेस, म्हणजे गळपट्ट्याऐवजी कुत्र्याच्या छाती-पोटाभोवती घालायचा पट्ट्यांचा साज, महाग आहे, घालायला किचकट आहे आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे तो खुंटीवरच असतो. तरीही गावठी कुत्र्याला घेऊन सह्याद्रीत फिरायला कोणती एक वस्तू घेऊ असं कुणी विचारलं, की मी याचंच नाव घेते. कारण नीट सांगायला हवं. कुत्र्यांच्या सामानाबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक लॅब्रेडॉर नाहीतर गोल्डन रिट्रीव्हर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. आपल्या गावठीचा बांधा त्यांच्यापेक्षा फार वेगळा.

आमची मिरी काळी कुळकुळीत, १८ किलोची. कोथरूडमध्ये एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर सापडली होती. छाती खोल, कंबर एकदम बारीक आणि मान जवळजवळ डोक्याएवढीच रुंद, त्यामुळे गळ्यातला पट्टा कानांवरून सहज निघतो. मुधोळ आणि कारवान कुत्री पाळणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांचाही बांधा असाच. असं कुत्रं घाबरलं की पुढे पळत नाही, आधी पाय रोवून मागे रेटतं. साधा हार्नेस तेव्हा पुढे सरकतो, कोपरं आत घेतली जातात आणि दुसऱ्या क्षणी दोरीला नुसता रिकामा हार्नेस लोंबकळत असतो.

हे मी वेताळ टेकडीवर पाहिलं आहे. तेव्हा मिरीच्या अंगावर दुसरा हार्नेस होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या धर्तीचे ऑनलाइन ढिगाने मिळतात: छातीवर एक आडवा पट्टा, पोटाखाली एक पट्टा, वर जाळीचं कापड. चतुःशृंगीच्या बाजूला कुठेतरी लग्नाच्या वरातीत फटाके लागले. मिरीने अंग चोरलं, मागे रेटा दिला आणि गेली. खाणीजवळ, झुडपात अंग मुडपून बसलेली सापडली, पण सापडेपर्यंतचा तो वेळ मी कुणालाही इच्छिणार नाही. हार्नेस घट्ट होता, दोन बोटं जेमतेम जातील इतका. दोष मापाचा नव्हता, त्या आकाराचाच होता.

वेबमास्टरला पोटाखाली एक नाही, दोन पट्टे असतात. पहिला पुढच्या पायांच्या मागे, बरगड्यांवर. दुसरा त्याच्या बराच मागे, जिथे बरगड्या संपून पोट आत जायला लागतं तिथे. सगळी करामत या दुसऱ्या पट्ट्यात आहे. कुत्रं मागे रेटायला लागलं की हा पट्टा बारीक कमरेकडून रुंद छातीकडे सरकायला बघतो, आणि तिथे अडतो. छाती जितकी खोल आणि कंबर जितकी बारीक, तितका तो पक्का अडतो. म्हणजे ज्या बांध्यामुळे बाकीचे हार्नेस सुटतात, त्याच बांध्यामुळे हा सुटत नाही. अर्थात पट्टे पाचही ठिकाणी नीट आवळलेले असतील तरच. पहिल्यांदा घालताना अर्धा तास काढा आणि घरातच, दार बंद करून, समोर उभं राहून दोरी हळूच आपल्याकडे ओढून बघा.

कंपनी अमेरिकेतली, ऑरेगन राज्यातल्या बेंड गावची, १९९४ पासूनची. सुरुवात घडी घालता येणाऱ्या कापडी पाणवाडग्यापासून झाली होती. माझा हार्नेस मावसबहिणीने सिअ‍ॅटलहून येताना आणला. इकडे आयात केलेला मिळतो, पण साध्या देशी हार्नेसच्या कित्येक पट किंमत मोजावी लागते. तिकडून कुणी येणार असेल तर सांगून ठेवा.

आता हँडलबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथे. पाठीवर मधोमध जाड, आत भरण असलेलं हँडल आहे. ते थेट पट्ट्यांना शिवलेलं असल्याने उचलताना वजन छाती आणि पोट दोन्हीवर वाटलं जातं, गळ्यावर काहीच येत नाही. मावळातल्या तिकोना गडावर याची खरी परीक्षा झाली. तिकोना पेठेतून निघालं की बराच वेळ वाट सोपी आहे. वेताळ दरवाजा, पायाखाली राक्षसीण चिरडणारा चपेटदान मारुती, तळजाईचं लेणं आणि टाकं, चुन्याचा घाणा, इथपर्यंत मिरी माझ्या पुढेच असते. त्यानंतरच्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत. काही गुडघ्याएवढ्या उंच, काही झिजून उतरत्या झालेल्या. आधाराला तारेचा दोर आहे, तो माणसांना. कुत्रं चढताना उडी मारून जातं, अडचण येते उतरताना. पुढचे पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळं वजन खांद्यांवर येतं, आणि पायरीवर शेवाळ असेल तर नखं कातळावर करकरत घसरतात.

आम्ही उतरतो ते असं. मी एक पायरी खाली, अंग तिरकं करून. मिरी भिंतीच्या बाजूला. एक हात तारेवर, दुसरा हँडलवर. ती पुढचे पाय सोडते तेव्हा मी हँडल वर धरून ठेवते, म्हणजे ती आपटत नाही, टेकते. उचलून न्यायचं नाही, फक्त वजन हलकं करायचं. पहिल्या काही पायऱ्यांना ती थांबून माझ्याकडे बघत होती. मग तिला कळलं की वरून काहीतरी धरून आहे, आणि तिने सरळ पाय सोडायला सुरुवात केली. तिच्या पाठीचे स्नायू त्या हाताखाली सैल पडलेले मला स्पष्ट जाणवले. जिथे पूर्ण उचलावंच लागतं तिथे एका हाताने हँडल आणि दुसरा हात छातीखाली घाला. १८ किलोचं कुत्रं नुसत्या हँडलला लटकवणं तिला बरं नाही आणि आपल्या मनगटालाही नाही.

हँडलचा दुसरा उपयोग गडावर नाही, गडाखालच्या गावात. प्रत्येक वाडीची आपली कुत्री असतात आणि हद्दीत परकं कुत्रं आलं की ती वाडी गोळा करतात. दोरी लांब ठेवली तर गुंता, ताणून धरली तर आपलं कुत्रं आणखी पेटतं. हँडल धरून मांडीला चिकटवून शांतपणे चालत राहिलं की बहुतेक वेळा प्रकरण भुंकण्यावर मिटतं. पेठेत जिथे आम्ही पिठलं-भाकरी खातो, तिथल्या मावशींनी पहिल्या वेळी विचारलं, "ह्या कुत्रीला बैलासारखं काय जुंपलंय गं?" मी हँडल धरून तिला जराशी वर उचलून दाखवली. मावशी म्हणाल्या, "मग बरंय. आमचा मोत्या असाच पायरीवरून पडला व्हता." त्यानंतर मिरीला भाकरीचा तुकडा मिळतो, मोत्यापासून लांब, ओट्यावर.

उन्हाळ्यात मात्र हा हार्नेस नको. छातीवर आणि पोटावर भरणाचे पट्टे म्हणजे अंगावर तेवढं जास्तीचं कापड, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला अंग थंड करावं लागतं. मिरी काळी, त्यामुळे तिला ऊन आणखी लवकर बाधतं. मार्च उलटला की आम्ही उजाडताना टेकडीवर जातो, ऊन चढायच्या आत घरी, आणि तेव्हा तिच्या अंगावर साधा हलका वाय-आकाराचा हार्नेस असतो. गड त्या दिवसांत बंदच. कातळावर हाताचा उलटा पंजा पाच-सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला ठेववत नसेल तर तिच्या तळव्यांनाही ते चालणार नाही.

पावसाळ्यात फोम पाणी धरणारच, तो कुठल्याही कंपनीचा असो. भिजलेला हार्नेस गाडीतही तिच्या अंगावर ठेवू नका. ओला पट्टा काखेत घासतो, तिथली कातडी पातळ असते आणि लाल चट्टे उठतात. गाडीशी आल्याबरोबर काढायचा, तिला पंच्याने पुसायचं, काखा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. जळवा तिथेच सापडतात. घरी साध्या पाण्यात आणि थोड्या सौम्य साबणात हाताने धुऊन पंख्याखाली टाकायचा. श्रावणात वाळायला वेळ लागतो, त्यामुळे लागोपाठ दोन दिवस जायचं असेल तर दुसऱ्या दिवशीचा हार्नेस वेगळा ठेवा.

मला सर्वांत जास्त धास्ती पावसाची नाही, दिवाळीच्या आसपासच्या कुसळांची वाटते. गवत पिवळं पडलं की टेकडीवर आणि गडांच्या पायथ्याला कुसळं तयार होतात. त्यांचं टोक सुईसारखं, मागे उलटे केस, आणि शेपटीला पीळ. ओल लागली की तो पीळ उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो, आणि प्रत्येक वळणाला टोक थोडं आत जातं. मोज्यात अडकलेलं कुसळ आपल्याला टोचतं म्हणून आपण लगेच काढतो. कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानात किंवा पट्ट्याखाली शिरलेलं कुसळ आत सरकत राहतं आणि मग गळू होतं. जाळीच्या कापडाचे हार्नेस या मोसमात अक्षरशः कुसळांनी भरतात, आणि ती आतल्या बाजूने कुत्र्याला टोचत राहतात. वेबमास्टरचं अस्तर घट्ट विणीचं आणि गुळगुळीत आहे. कचरा चिकटू नये म्हणूनच ते तसं केलं आहे. कुसळं लागतात ती कडांना, आणि बोटांनी उपटता येतात. तरी दर थांब्यावर मी पट्टा उचलून खाली हात फिरवते. गोचिडही त्याच ठिकाणी दडतात, आणि गोचिडांमधून होणारा ताप आपल्याकडे इतका सर्रास आहे की प्रतिबंधक औषध चुकवून चालणार नाही.

मापाचं सोपं आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सर्वांत रुंद असते तिथे टेप गुंडाळा. मिरीची छाती ६२ सेंटिमीटर, तिला स्मॉल बसतो. स्मॉल हे नाव ऐकून बिचकू नका, तो ५६ ते ६९ सेंटिमीटरचा आहे. वजनावरून माप घेतलंत तर गावठीच्या बाबतीत हमखास फसाल. वाढत्या पिल्लासाठी घेऊ नका, वर्ष-दीड वर्ष थांबा. घालायचा क्रम असा: डोकं आत, एक पुढचा पाय उचलून आत, मग पोटाखालून पट्टे घेऊन क्लिपा. ज्या कुत्र्याला पाय धरलेला आवडत नाही, त्याच्याशी आधी काही दिवस खाऊ देऊन सराव करा. मिरीला आता हार्नेस दिसला की ती स्वतःच पाय उचलते.

दोरी ओढणाऱ्या कुत्र्याला हा हार्नेस शिकवणार नाही. माझ्याकडच्या हार्नेसला दोरी पाठीवर लागते, आणि पाठीवरून धरलेलं कुत्रं उलट जोरात ओढू शकतं. त्यासाठी छातीवर कडी असलेला हार्नेस आणि धीर, दोन्ही लागतात. दोरी मी बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेल्या पट्टीची, वापरते. ती पाणी शोषत नाही, चिखल पुसला की निघतो, वास धरत नाही. कमरेला बांधायच्या दोऱ्या सपाटीवर ठीक, पण उतारावर कुत्र्याने हिसका दिला तर आपला तोल जातो, म्हणून गडावर मी त्या कधीच नेत नाही.

आणि हार्नेस कितीही चांगला असो, भीमाशंकर, ताम्हिणी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड या अभयारण्यांत कुत्रं नेऊ नका. आपल्या कुत्र्यांचे डिस्टेंपरसारखे रोग रानातल्या प्राण्यांना लागू शकतात, आणि तिथे कुत्र्याच्या नुसत्या वासानेही प्राणी बिचकतात. टेकडीवरसुद्धा मोर आहेत, तित्तर आहेत, धनगरांची मेंढरं असतात. दोरी सोडू नका. जुन्नरकडे किंवा कुठल्याही उसाच्या पट्ट्यात अंधारात कुत्रं घेऊन फिरू नका, बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य आहे. पट्ट्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या आहेत, त्या गाडीवाल्यांना दिसण्यापुरत्या.

तुम्ही फक्त सोसायटीभोवती आणि बागेत फिरत असाल तर हे पैसे घालू नका, वाय-आकाराचा चांगला देशी हार्नेस पुरेल. गड, टेकडी, ओढे, दगडधोंडे यांत नियमित जात असाल आणि कुत्रं गावठी, मुधोळ किंवा कारवान असेल, तर घ्या. आणखी एक गिऱ्हाईक मला आमच्याच इमारतीत दिसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं लॅब्रेडॉर तेरा वर्षांचं आहे, मागचे पाय थकलेत आणि आम्हाला लिफ्ट नाही. मिरीचा हार्नेस त्याला होत नाही, म्हणून काकांनी मोठ्या मापाचा मागवला. आता सकाळ-संध्याकाळ ते हँडल धरून त्याला जिन्यावरून उतरवतात, आणि तो समोरच्या मैदानाला एक पूर्ण चक्कर मारून येतो.