मळ्यावरचं गाणं: समूहाचं की एकट्याचं?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीवर संगीत नाटक करताय आणि मळ्याच्या प्रवेशात एकाच मोठ्या गाण्याला जागा आहे. ते सगळ्यांच्या तोंडी द्यायचं की एका पात्राच्या?

समूहगीताची बाजू इतिहासामुळे भक्कम आहे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झील धरायची, हीच तिथली रीत. साउथ कॅरोलायनात १७३९ च्या स्टोनो इथल्या गुलामांच्या उठावानंतर पुढच्याच वर्षी कायद्याने ढोलांवर बंदी आली. म्हणून ठेका टाळ्यांवर आणि पायांवर चालवला तर तो शोभून दिसतो (निर्मात्याचा वादकांवरचा खर्चही वाचतो). फक्त काम कुठलं ते आधी ठरवा. वल्ही मारताना किंवा उखळात भात कांडताना हात एका लयीत पडतात, कापूस वेचताना नाही. तिथे प्रत्येकाची झोळी वेगळी आणि संध्याकाळी वजनही वेगळं होतं. अशा शेतात कवायतीचा ताल घातला की प्रवेश खोटा पडतो.

सुरावटही फार घासूनपुसून घेऊ नका. या गाण्यांचा पहिला मोठा संग्रह १८६७ साली छापला गेला. आपण समजतो तसं वेगवेगळ्या आवाजांना सूर वाटून देणारं ठरीव गायन इथे नाही, तरी कुठलेही दोघं अगदी एकसारखं गात नाहीत, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. चर्चच्या कॉयरसारखे चार आवाज बसवले तर नेमकं हेच हातचं जातं.

एकल गीत हा मुळात रंगभूमीचा संकेत. पात्राला नाव, भूतकाळ, मन मिळतं; आज रात्री पळायचं की मुलासाठी थांबायचं, हे तिथेच उलगडतं. धोका भाषणबाजीचा. पात्र आजच्या घोषणा बोलू लागलं की प्रेक्षक टाळ्या देतो आणि नाटकातून बाहेर पडतो.

माझा कौल समूहगीताला, पण मुकादम रंगमंचावर उभा हवा. स्वतः गुलामगिरीतून निसटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांनी लिहून ठेवलंय की गप्प राहणारा गुलाम मालकाला आणि मुकादमाला आवडत नसे. काम करता करता गायलाच हवं. म्हणजे गाणं हीसुद्धा सक्तीच, आणि त्याच ओळींतून मुकादमाला खुशी ऐकू येते, प्रेक्षकाला दुःख. हा दुहेरी अर्थ एकट्याच्या स्वगतात साधणं अवघड. गाण्यात पळून जाण्याच्या वाटेचा नकाशा लपवण्याचा मोह मात्र टाळा. गुलामांच्या गाण्यांत असे नकाशे असत, या कथांना पुरावा तुटपुंजा आहे.

गाणं संपताना एखादं पात्र खरोखर काही ठरवणार असेल, तरच एकल गीत घ्या.