लहान प्रवाळ-मत्स्यालयासाठी प्रवाहपंप: एसी, डीसी आणि वीज परत येते तेव्हा

शंभर लिटरच्या आसपासच्या खाऱ्या टाकीसाठी प्रवाहपंप, म्हणजे टाकीतले पाणी सतत फिरते ठेवणारा पंप, निवडताना बहुतेक जण 'ताशी किती लिटर' या एकाच आकड्यावर घुटमळतात. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे आपल्या घरच्या टाकीत झोआन्थिड, मश्रूम, लेदर अशी मऊ प्रवाळ मंडळीच असायची, आणि त्यांना टाकीच्या क्षमतेच्या ताशी 15 ते 20 पट प्रवाह सहसा पुरतो. मश्रूमना तर त्याहूनही कमी चालतो. म्हणजे 2,000 लिटरच्या आतबाहेरचा पंप पुष्कळ झाला, आणि तो एसी व डीसी या दोन्ही प्रकारांत सहज मिळतो. निवड खरी अडते ती पुढे.

साधा एसी पंप प्लगला जोडला की चालू होतो. डीसी पंपाला लागतो तसा ना अडॅप्टर, ना वेग ठरवणारा नियंत्रक. किमतीने तो हलका असतो, आणि एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप समोरासमोरच्या काचांना लावले तर दोन्ही धारा मध्ये आदळून चांगली घुसळण होते, शिवाय एक बंद पडला तरी दुसरा टाकी सांभाळतो. त्याची खोड अशी की त्यातली मोटार सुरू होताना कोणत्याही दिशेला फिरू पाहते आणि आतल्या खटक्याला अडून मग सरळ दिशा पकडते. रोटरवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावर, चुन्याचा पापुद्रा चढलेला असेल तर ती नुसतीच थरथरत राहते. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून तो साफ करावा लागतो, अर्थात हे काम डीसी पंपालाही चुकत नाही. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर मात्र एसी पंप जो घूं घूं आवाज करतो, तो रात्री बैठकीच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला सोसवणारा नसतो.

डीसी पंप वेग हळूहळू वाढवत सुरू होतो, हवा तेवढा मंद करता येतो आणि तितक्याच पाण्यासाठी साधारणपणे कमी वीज घेतो. बडोद्यात मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो तेव्हा हा शेवटचा मुद्दा नुसत्या बिलाचा राहत नाही, कारण पाण्यात बुडालेल्या पंपाने घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते आणि ती चिलरला, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, बाहेर काढावी लागते. एवढ्यावरच निवाडा करायचा असता तर मी डीसीचे नाव लिहून थांबलो असतो.

माझ्यापुरता प्रश्न सोडवला तो एका वेगळ्याच त्रासाने. माझ्या पहिल्या डीसी पंपाचा नियंत्रक बटणांचा होता, आणि वीज गेली की त्याला ठरवून दिलेला वेग आठवत नसे. वीज परतली की तो कारखान्यातून आला त्या, म्हणजे पूर्ण वेगाने सुरू होई. पावसाळ्यात वादळवारे सुटले की आमच्या भागात वीज दुपारभर ये-जा करते आणि त्या वेळी घरी कोणी नसते. संध्याकाळी यावे तर पंपासमोरच्या कोपऱ्यात तळाची काच उघडी पडलेली, तिथली सगळी वाळू पलीकडच्या झोआन्थिडवर बसलेली आणि त्यांची तोंडे घट्ट मिटलेली. पिपेटने पाण्याच्या फुंकरी मारून ती वाळू उडवायची, वेग पुन्हा लावायचा आणि आकाशाकडे पाहत बसायचे. एसी पंपाला आठवण नसते, पण विसरण्यासारखेही काही नसते; त्या दिवसांत मला त्याचा हा गुण फार मोठा वाटला.

तरीही मी एसीकडे परतलो नाही. नियंत्रकावर फिरवायचा नॉब असलेला साधा डीसी पंप घेतला. वीज कितीही वेळा गेली तरी नॉब जिथे ठेवला तिथेच राहतो. लाटांचे निरनिराळे प्रकार त्यात मोजकेच आहेत आणि मासे खायला घालताना पंप हाताने बंद करावा लागतो, पण मऊ प्रवाळांच्या टाकीला त्याहून अधिक काही लागते असे मला अजून तरी जाणवलेले नाही. नियंत्रक पाण्याच्या वर न टांगता बाजूला लावावा आणि वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे खारे पाणी आत शिरत नाही.

मोटार काचेच्या बाहेर असलेला व्हॉर्टेकसारखा पंप उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत सरस आहे, हे नाकारता येत नाही. मात्र त्याच्या किमतीत लहान टाकीचे निम्मे सामान येते.

ज्यांच्याकडे शुद्ध साइन लहरीचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा, इन्व्हर्टर आहे आणि ज्यांना चिलरची चिंता नाही, त्यांनी दोन लहान एसी पंप घेतले तर ते चुकले असे मी म्हणणार नाही. इतरांनी नॉबचा डीसी पाहावा. बटणांचाच आवडला असेल, तर दुकानदाराला बादलीभर पाण्यात तो मंद वेगावर चालवायला सांगावे, प्लग काढून काही मिनिटे थांबावे, आणि पुन्हा लावल्यावर तो कोणत्या वेगाने उठतो ते पाहूनच पैसे द्यावेत.