स्काव्ही फेरी, व्हॅटिकन: संत पीटरच्या कबरीपर्यंत कसं पोचायचं आणि तिथे नेमकं काय पाहायचं

व्हॅटिकनला जाणाऱ्या बहुतेकांना सिस्टिन चॅपल माहीत असतं, सेंट पीटर्स बॅसिलिका माहीत असते आणि चौकातली लांबलचक रांगही माहीत असते. बॅसिलिकाच्या फरशीखाली रोमन काळातली एक अख्खी दफनभूमी आहे, येशूचा प्रमुख शिष्य पीटर याची मानली जाणारी कबर तिथे आहे आणि हे सगळं बघता येतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. या दफनभूमीला स्काव्ही, म्हणजे इटालियनमध्ये ‘उत्खनन’, म्हणतात. दिवसाला साधारण 250 माणसांनाच आत सोडतात. बाराएक जणांचा गट, सोबत वाटाड्या आणि सुमारे दीड तासाची फेरी, असा हिशेब असतो.

आपल्याकडे वसई, मुंबईची जुनी गावठाणं आणि गोवा सोडलं तर दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. एक, ‘तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?’ असा प्रश्न, जणू हे दोन वेगळे धर्म आहेत. दुसरी, कॅथलिक चर्च चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन या रोमन बादशहाने काढलं, हे ठाम विधान. या दोन्हींचं उत्तर विटामातीत बघायचं असेल तर ही फेरी रोममधली सगळ्यात चांगली जागा आहे. दुसऱ्या कुठल्याही जागेची शिफारस आम्ही इतक्या खात्रीने करणार नाही. पण तयारीशिवाय गेलात तर दमट बोगद्यातून चालल्याचं समाधान तेवढं मिळेल.

आधी परवानगीचं. बॅसिलिकाची देखभाल करणाऱ्या ‘फाब्रिका दी सान पिएत्रो’ या संस्थेचं उत्खनन कार्यालय आहे, अर्ज तिथेच करायचा. अर्जात माणसांची नेमकी संख्या, प्रत्येकाचं पासपोर्टवर आहे तसं नाव, हवी असलेली भाषा आणि रोममध्ये असण्याच्या सगळ्या तारखा लिहा. बहुतेक अर्ज इथेच अडतात. ‘12 तारखेला सकाळी 10 वाजता’ असं लिहून चालत नाही, कारण वेळ कार्यालय ठरवतं. तुम्ही चार-पाच मोकळे दिवस दिलेत तर गटात जागा निघण्याची शक्यता वाढते. मोसमात जायचं असेल तर किमान दोन-तीन महिने आधी लिहा. होकार आला की ठरावीक मुदतीत कार्डाने पैसे भरायचे. मुदत चुकली की जागा गेली. शुल्क अलीकडे माणशी 20 युरोच्या घरात आहे. ते एकदा भरलं की परत मिळत नाही आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही, म्हणून व्हिसा हातात येण्याआधी पैसे भरताना विचार करा. मराठी किंवा हिंदी वाटाड्या मिळत नाही, इंग्रजीतली फेरी मिळते.

लहान मुलांना प्रवेश नाही, आणि गयावया करून उपयोग होत नाही. खाली जिने आहेत, काही ठिकाणी एकावेळी एकच माणूस जाईल एवढीच वाट आहे. व्हीलचेअर जाणार नाही. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी, दमा असणाऱ्यांनी किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर भरवसा ठेवण्याआधी हे नीट समजून घ्यावं, कारण मध्येच एकट्याने परत फिरण्याची सोय नसते. हवा बाराही महिने उबदार आणि दमट असते, थंडीतही वरचा कोट काढावा लागतो. भिंतींवरचे रंग टिकावेत म्हणून वाटेत काचेची दारं बसवली आहेत. मागचं बंद झाल्यावरच पुढचं उघडतं, त्यामुळे गट रेंगाळत चालतो. फोटो काढता येत नाहीत. मोठी पिशवी हॉटेलवर ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि बूट न घसरणारे.

प्रवेश बॅसिलिकाच्या मुख्य दारातून नाही. चौकात बॅसिलिकाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताच्या स्तंभांच्या रांगेबाहेरून जायचं, तपासणी होते, मग स्विस गार्डला, म्हणजे व्हॅटिकनच्या पहारेकऱ्याला, परवानगीचा कागद दाखवायचा. अर्धा तास हातात ठेवा, कारण उशीर झाला तर गट थांबत नाही. आत गेल्यावर लागणाऱ्या छोट्या चौकात जमिनीकडे बघायला विसरू नका. आज सेंट पीटर्स चौकाच्या मधोमध उभा असलेला इजिप्तचा दगडी स्तंभ 1586 पर्यंत या जागी होता, तशी खूण फरशीत आहे. ही जागा म्हणजे कॅलिग्युला बादशहाने सुरू केलेलं आणि नीरो बादशहाने वापरलेलं शर्यतीचं मैदान. इ.स. 64 च्या जुलैत रोम जळालं, नीरोने खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं आणि त्यांना हालहाल करून मारलं, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. पीटर त्या छळात, 64 ते 67 च्या दरम्यान, याच परिसरात क्रुसावर मारला गेला अशी परंपरा आहे. मैदानाच्या बाजूच्या उतारावर दफनभूमी होती. खाली सापडलेल्या एका शिलालेखात पोपिलियुस हेराक्ला नावाच्या माणसाने वारसांना बजावलं आहे की माझी समाधी ‘व्हॅटिकनमध्ये, मैदानाजवळ’ बांधा.

मग जिना उतरून तुम्ही त्या गल्लीत येता. गल्लीच म्हणावी अशी ती वाट आहे. दोन्ही बाजूंना श्रीमंत रोमन कुटुंबांची विटांची, दार-उंबरठ्याची थडगी, एकूण 22. बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकातली. वरच्या कोनाड्यांत अस्थिकलश, खाली शवपेट्या, म्हणजे एकाच घराण्यात आधी दहन आणि नंतर दफन. एका थडग्यात इजिप्तचा देव होरस रंगवलेला आहे. व्हालेरी घराण्याच्या थडग्यातलं गिलाव्यावरचं उठावकाम मुद्दाम थांबून पाहावं असं आहे. सगळ्यात जास्त वेळ मात्र युली घराण्याच्या छोट्याशा थडग्यापाशी मागून घ्या. वाटाडे इथे घाई करतात, कारण काचेसमोर दोन-तीन माणसंच मावतात. छतावर पिवळ्या जमिनीवर हिरवे द्राक्षवेल आणि मधोमध डोक्यामागे किरणं असलेला, पांढऱ्या घोड्यांच्या रथातला सूर्य आहे. हा ख्रिस्त आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात, कारण त्याच थडग्यात योना (माशाने गिळलेला बायबलमधला संदेष्टा), मासेमार आणि मेंढपाळ ही ख्रिस्ती लोकांची आवडती चित्रं आहेत. काएतेन्नी घराण्याच्या थडग्यात एमिलिया गोर्गोनिया या 28 वर्षांच्या स्त्रीचा ख्रिस्ती मृत्युलेख आहे. पूर्वजांच्या मूर्तिपूजक थडग्यातच तिला ठेवलेलं आहे. नवा धर्म रोमन घरांत कसा शिरला, हे याहून स्पष्ट दाखवणारी जागा आमच्या माहितीत नाही.

गल्ली पश्चिमेला चढत जाते आणि मुख्य वेदीच्या खाली येते. श्रीमंतांची थडगी इथे संपतात आणि साध्या मातीतल्या कबरींची एक छोटी मोकळी जागा लागते. तिच्या एका कडेला लाल गिलाव्याची भिंत आहे. भिंतीलगतच्या पाण्याच्या नाल्यात शिक्के मारलेल्या विटा सापडल्या, त्यांवरून भिंतीचा काळ 160 च्या आसपास ठरतो. या भिंतीत कोनाडे आणि दोन बारीक संगमरवरी खांब असलेलं एक लहान स्मारक बांधलेलं होतं. त्यातला एक खांब आजही दिसतो, तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. 200 च्या सुमारास गायुस नावाच्या रोमच्या धर्मगुरूने लिहिलं होतं की व्हॅटिकनला या, प्रेषितांची (येशूने पाठवलेल्या शिष्यांची) स्मारकं मी तुम्हाला दाखवतो. ते वाक्य युसेबियस या चौथ्या शतकातल्या बिशपने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात टिकलं आणि खाली सापडलेलं स्मारक त्याच्याशी जुळलं.

आता डोक्यावर काय काय आहे याची उतरंड लावून बघा. या स्मारकाभोवती कॉन्स्टंटाइनने संगमरवरी आवरण घातलं. त्यावर 600 च्या सुमारास पहिल्या ग्रेगरी पोपची वेदी, त्यावर 1123 ची वेदी, त्यावर 1594 ची आजची वेदी, तिच्यावर बर्निनीचं कांस्य छत्र आणि त्यावर मायकेलअँजेलोने आखलेला घुमट. सगळं एका सरळ रेषेत. वाटाड्याकडे याचा छेद दाखवणारा नकाशा असतो. तो सुरुवातीलाच मागून नीट पाहिलात तर पुढचा तासभर काहीही गोंधळ होत नाही. हे न करणाऱ्यांना शेवटपर्यंत कुठलं शतक कुठे संपलं ते कळत नाही.

कॉन्स्टंटाइनबद्दलचा गैरसमज इथेच सुटतो. 320 च्या आसपास त्याने बॅसिलिका बांधायला घेतली, तेव्हा समोर सोयीची सपाट जागा नव्हती. टेकडीचा वरचा उतार खोदावा लागला, खालच्या बाजूला प्रचंड भिंती घालून भराव टाकावा लागला, आणि वापरात असलेली थडगी मातीने बुजवावी लागली. थडग्यांना हात लावणं रोमन कायद्यात गुन्हा होता. एका थडग्यातल्या कलशात 317 ते 320 मधलं नाणं सापडलं आहे, म्हणजे बुजवण्याच्या थोडंच आधीपर्यंत तिथे अंत्यसंस्कार चालू होते. एवढा खटाटोप करायचं कारण एकच: ख्रिस्ती लोक दीडशे वर्षांपासून याच ठिकाणी येत होते आणि वेदी याच ठिकाणी हवी होती. बादशहाने चर्चला मान्यता दिली, पैसा दिला, 325 मध्ये बिशपांची नायसियाची परिषद बोलावली. चर्च त्याला आयतं मिळालं होतं. ‘कॅथलिक चर्च’ हा शब्दप्रयोगसुद्धा त्याच्या दोनशे वर्षं आधी, 110 च्या सुमारास, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रात आहे.

पण ही फेरी काय सिद्ध करत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पीटरचा मृत्यू आणि स्मारक यांत जवळजवळ शंभर वर्षांची फट आहे, ती विटांनी भरून निघत नाही. आजच्या अर्थाने पोप पहिल्या शतकात होता असंही इथे दिसत नाही. रोमच्या मंडळीचा कारभार सुरुवातीला वडीलजनांच्या गटाकडे होता आणि एकच बिशप ही व्यवस्था दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून ठळक होते, असं बरेच इतिहासकार मानतात. 180 च्या सुमारास इरेनियस या बिशपने पीटर आणि पॉल या प्रेषितांपासून रोमच्या बिशपांची यादी दिली आहे. म्हणजे तोवर ती परंपरा पक्की झालेली होती, एवढं खात्रीने म्हणता येतं.

हाडांचा भाग सगळ्यात शेवटी येतो आणि गटातले लोक तिथेच सगळ्यात जास्त भारावतात. प्लेक्सिग्लासच्या पेट्या दुरून दिसतात. वाटाडा श्रद्धेने सांगतो, ते बरोबरच आहे. तरी मूळ हकिगत माहीत असू द्या. 1940 ते 1949 या काळात उत्खनन झालं आणि 1950 च्या डिसेंबरात पोप बारावे पायस यांनी रेडिओवरून सांगितलं की कबर सापडली, पण जवळ मिळालेली हाडं पीटरचीच असं खात्रीने म्हणता येत नाही. नंतर मार्गेरिता ग्वार्दुच्ची या शिलालेखतज्ज्ञ बाईंनी दुसरीच हाडं पुढे आणली. ती लाल भिंतीला लागून असलेल्या, यात्रेकरूंनी कोरून भरलेल्या भिंतीतल्या कप्प्यातली होती. कामावर देखरेख करणाऱ्या मोन्सिन्योर कास या धर्माधिकाऱ्यांनी ती पुरातत्त्वज्ञांना न कळवता काढून पेटीत ठेवली होती. तपासणीत ती साठी-सत्तरीतल्या धट्ट्याकट्ट्या पुरुषाची निघाली, सोबत सोन्याच्या धाग्यांचं जांभळं कापड होतं आणि जनावरांची हाडंही होती. 26 जून 1968 ला पोप सहावे पॉल यांनी ही ओळख पटण्याजोगी असल्याचं जाहीर केलं. मूळ उत्खननातले जेझुइट पुरातत्त्वज्ञ अंतोनियो फेर्रुआ यांना ते कधीच पटलं नाही. वाटाड्याने हा वाद गाळला तर नम्रपणे विचारा. कबरीच्या जागेचा पुरावा भक्कम आहे, हाडांचा त्यामानाने खूप कच्चा आहे. दोन्ही एका दमात सांगणं म्हणजे भक्कम गोष्टीलाही कच्चं करणं.

कॅथलिक हे ख्रिश्चन आहेत का, याचं उत्तर आता सोपं आहे. 1054 मध्ये पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च आणि रोम वेगळे झाले, 1517 पासून प्रॉटेस्टंट प्रवाह निघाले. त्या सगळ्यांच्या आधीची, सगळ्यांची सामाईक मंडळी या कबरींत आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा, येशूचं मरण आणि पुनरुत्थान, 381 मध्ये पूर्ण झालेला नायसीन मतांगीकार (श्रद्धेची ठरावीक कबुली), हे कॅथलिकांचंही आहे आणि 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचंही आहे. जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी जवळपास निम्मे कॅथलिक आहेत. मतभेद पोपचा अधिकार, मरियेचा आणि संतांचा मान, संस्कारांची संख्या यांवर आहेत, आणि ते खरे आहेत. कबरीपुढे गुडघे टेकणारा कॅथलिक पीटरला देव मानत नाही, तो पीटरला आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगतो. प्रॉटेस्टंट बांधवांना तेही मान्य नसतं. पण हा घरातला वाद आहे.

मुंबईहून निघणाऱ्या दहा-बारा दिवसांच्या युरोप सहलींत व्हॅटिकनला अर्धा दिवसच असतो, त्यात ही फेरी बसत नाही. धर्मग्रामाच्या यात्रेत जात असाल तर आयोजकाला तारखा ठरण्याआधीच अर्ज करायला सांगा, कारण पन्नास जणांच्या तुकडीला एकाच गटात घेत नाहीत, ती वेगवेगळ्या वेळांत विभागावी लागते. फेरी संपल्यावर तुम्ही पोपांच्या कबरी असलेल्या तळघरात आणि तिथून बॅसिलिकात जाता, म्हणून बॅसिलिका त्याच दिवशी नंतर ठेवा.

परवानगी नाहीच मिळाली तर त्याच तळघरात जाऊन कबरीसमोरची बाजू बाहेरून पाहता येते. आणि कलोसियमजवळच्या सान क्लेमेंते चर्चला जा. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या इमारती आणि मिथ्रा देवाचं मंदिर. 1857 पासून मुलूली या आयरिश डोमिनिकन धर्मगुरूने ते खोदून काढलं. तिथे पीटरची कबर नाही, पण महिनोन्‌महिने आधी अर्ज करावा लागत नाही आणि प्रत्येक थर आपल्या गतीने पाहता येतो.