पाण्यातले व्यायाम: तोल आणि चाल सुधारण्यासाठी, काही महिन्यांनंतरचा अनुभव

मधुमेहामुळे माझ्या तळपायांच्या नसा कमजोर झाल्या आणि चाल बिघडली. पायाखालची जमीन नीट कळायची नाही, वळताना झोक जायचा, पडायच्या धास्तीने पाऊल अधिकच आखूड पडायचं. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून पाण्यातले व्यायाम सुरू केले, ते अजून चालू आहेत.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की, पाण्यात तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही. शरीर सावकाश कलतं आणि पाऊल टाकून सावरायला वेळ मिळतो. जमिनीवर तो वेळच नसायचा. सावरायच्या आधी हात भिंत शोधायचा. पाण्यात तोल मुद्दाम जाऊ देता येतो आणि पुन्हा पुन्हा सावरता येतं. भीती कमी झाली ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

खोलीला फार महत्त्व आहे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीइतक्या पाण्यात जवळपास एक तृतीयांश. म्हणून सुरुवात छातीइतक्या पाण्यात झाली. त्याहून खोल गेलं की अंग तरंगायला लागतं आणि पाय नीट टेकत नाहीत. पुढे हळूहळू उथळ पाण्यात आणलं. पुढे, मागे, आडवं चालणं, एका पायावर उभं राहणं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालणं. मग थेरपिस्ट हातांनी आजूबाजूचं पाणी ढवळतात आणि आपण जागचं हलायचं नाही! दिसायला सोपं, पण पोटाचे आणि कमरेचे स्नायू चांगलेच कामाला लागतात. वेग वाढवला की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो: दुप्पट वेगाला साधारण चौपट. त्यामुळे वजनं न उचलताही ताकद वाढते.

पाणी कोमट हवं, 33 ते 35 अंश सेल्सिअस. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) असलेल्यांना मात्र अशा पाण्यात जास्त थकवा येऊ शकतो, त्यांनी आधी विचारून घ्यावं. उघडी जखम, ताप किंवा आटोक्यात नसलेली फिट किंवा हृदयविकार असेल तर उतरूच नये. पायाला संवेदना कमी असलेल्यांनी पाण्यातले बूट घालावेत आणि बाहेर आल्यावर तळवे, बोटांमधल्या फटी कोरड्या करून बारकाईने बघाव्यात. खरचटलेलं आपल्याला कळत नाही. मी हे एकदाही टाळत नाही.

बाहेर येताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात, म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर कठडा धरायचा आणि थोडं बसून मगच निघायचं.

बधिरपणा गेला नाही. तो जाईल अशी आशा मला कोणी दाखवलीही नव्हती. पण पाऊल लांब पडतं, वळताना आधार लागत नाही. अंधारात अजून काठी घेते, कारण पायांना कळत नाही ते डोळे सांभाळतात आणि अंधारात तेही नसतात. शिवाय पाण्यात कमावलेलं जमिनीवर आपोआप उतरत नाही. तेच टाच-बोटांचं चालणं घरी ओट्याला धरून करायला लागल्यावर रस्त्यावरच्या चालण्यात फरक दिसला. थेरपिस्टने घरचे व्यायाम दिले नाहीत, तर स्वतःहून मागून घ्या.